पहिला वास खरा

स्वयंपाकघरात शिरताच नाकाला काहीतरी जाणवतं. सडक्या अंड्यासारखं, कुजलेल्या कोबीसारखं. आपण थबकतो, दोन-तीनदा हुंगून बघतो आणि मिनिटभरात वाटतं, छे, आता तर काहीच येत नाही, भास झाला असेल. गॅसच्या गळतीबाबत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या एका मिनिटाची.

मुळात तो वास गॅसचा नसतोच. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन आणि सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन व ब्युटेन. या सगळ्यांना ना रंग, ना ओळखू येण्याजोगा वास. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाची गंधकाची संयुगं मुद्दाम मिसळतात. माणसाचं नाक या संयुगांच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे. हवेच्या शंभर कोटी भागांत त्यांचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं.

ही खबरदारी फार मोठी किंमत मोजून आली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथल्या शाळेच्या तळघराच्या पोकळीत वास नसलेला गॅस साचत गेला होता. कुणाला पत्ता नव्हता. एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा उद्ध्वस्त झाली. सुमारे तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्साससह ठिकठिकाणी गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं झालं. (कुजणाऱ्या मांसातूनही मर्कॅप्टन सुटतं. म्हणूनच अमेरिकेत वासाने भक्ष्य शोधणारी टर्की गिधाडं गळक्या पाइपलाइनवर घिरट्या घालताना आढळली आहेत.)

पण नाक हा पहारेकरी लवकर पेंगतो. तोच वास सलग येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. हवेत गॅस तेवढाच असतो, कदाचित वाढतही असतो, आपल्याला मात्र तो ‘गेला’ असं वाटतं. म्हणून पहिल्या हुंगण्याला जे कळलं तेच खरं धरायचं. शंका असेल तर घरात नसलेल्या माणसाला दारातूनच विचारावं, वास येतोय का? सर्दी झालेल्या किंवा वय झालेल्या माणसाला तो येईलच असं नाही. जमिनीखालच्या पाइपातून गॅस गळत असेल तर मातीही वास शोषून घेते. अशा ठिकाणी एखाद्या पट्ट्यातलं गवत विनाकारण वाळलेलं दिसतं, किंवा साचलेल्या पाण्यात बुडबुडे येत राहतात.

आता गळलेला गॅस जातो कुठे? मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो छताकडे चढतो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, मोरीत, तळघरात साचून राहतो. म्हणून गॅस डिटेक्टर लावायचा तर मिथेनसाठी वर आणि एलपीजीसाठी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. एलपीजीला मात्र दोन टक्केही पुरतात. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोलीचा हिशोब केला तर दोन टक्क्यांना जेमतेम एक किलो एलपीजी लागतो. तोही सगळीकडे सारखा पसरला तर. प्रत्यक्षात तो तळाशी साचतो, त्यामुळे तिथलं मिश्रण त्याच्या किती तरी आधी धोक्याच्या टप्प्यावर येतं.

असं मिश्रण पेटायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की बटणाच्या आतली, डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही पुरते. दिवा बंद करतानाही ती उडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून वास आला की कुठलंही बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्यायचं. एग्झॉस्ट पंखा लावायचा नाही, काडी ओढायची नाही. शेगडी आणि रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक हाताशी असेल तर बंद करायचा. कॉकचा दांडा पाइपाला आडवा आला की गॅस बंद. दारं-खिडक्या उघडत सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. घंटी वाजवून शेजाऱ्यांना उठवू नका, दार हातानेच ठोठवा. फोन मोकळ्यावर पोहोचल्यावरच. आणि तंत्रज्ञ तपासून जाईपर्यंत तो दांडा आडवाच राहू द्या.

मोठी गळती फुसफुसते. पण घरातल्या पाइपात दाब बेताचाच असतो, साधारण २० ते ३० मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन-तीन टक्के. त्यामुळे बारीक गळतीला आवाज नसतो. ती पकडायला साबणाच्या पाण्यासारखं साधन नाही. वास नसताना, अधूनमधून, शेगडी बंद आणि गॅस चालू ठेवून ब्रशने दाट फेसाळ पाणी जोडावर लावा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. आधी काहीच होत नाही. मग आट्यांच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा उमटतो, फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. तो जोड गळतोय. नळी वाकवूनही बघा. बारीक चिरा दिसल्या, उंदराचे दात दिसले किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल तर ती बदलायचीच. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका.

शेगडीची ज्योतही बोलते. एक लिटर मिथेन नीट जळायला सुमारे दहा लिटर हवा लागते. तेवढी मिळाली की ज्योत निळी, आखूड आणि स्थिर राहते. बर्नरची भोकं तुंबली किंवा हवा कमी पडली की ती पिवळी, लांबट, लवलवती होते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. मिठाचं पाणी उतू गेल्यावर दिसणाऱ्या क्षणिक पिवळ्या ठिणग्या वेगळ्या, त्या मिठातल्या सोडियमच्या. पिवळेपणा टिकून राहिला तर मात्र कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची शक्यता असते, आणि या वायूत वास मिसळलेला नसतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच बरं वाटेनासं होतं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, ही त्याची मोठी खूण. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर यात सगळ्यात दगाबाज. अशा वेळी ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात गॅस जळत होता. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही त्यावर ९८ चा आकडा दिसू शकतो.