अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पहिली आवृत्ती: लढाईचे नियम

गॅरी गायगॅक्सने लिहिलेल्या आणि टीएसआर कंपनीने काढलेल्या या रोलप्लेइंग गेमची मुख्य पुस्तकं तीन. मॉन्स्टर मॅन्युअल 1977, प्लेअर्स हँडबुक 1978 आणि डन्जन मास्टर्स गाइड 1979. जुन्या टेबलटॉप गेम्समधली लढाई फार किचकट असते असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा याच आवृत्तीबद्दल बोलत असतात.

किचकटपणाचं मूळ आधीच्या युद्धखेळांत आहे. 1971 सालचा चेनमेल हा छोट्या शिशाच्या सैनिकांनी खेळायचा मध्ययुगीन लढाईचा नियमसंच होता, आणि 1974 ला गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा लढाईसाठी तोच हाताशी आहे असं गृहीत धरलेलं, वीस बाजूंच्या फाशाची पद्धत त्यात 'पर्यायी' म्हणून दिली होती. नंतर तो पर्यायच मुख्य झाला, पण शस्त्र विरुद्ध चिलखत असा हिशोब करायची युद्धखेळवाल्यांची सवय मागे राहिली.

एक राउंड म्हणजे एक मिनिट, त्याचे 6 सेकंदांचे 10 सेगमेंट. इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे आधी वार कुणाचा हे ठरवायला, दोन्ही बाजू सहा बाजूंचा फासा टाकतात, मोठं दान पडलं ती बाजू आधी. इथपर्यंत सोपं आहे. दान सारखं पडलं की शस्त्राचा स्पीड फॅक्टर बघायचा, खंजिराचा 2, लाँगस्वोर्डचा 5, दोन हातांच्या तलवारीचा 10, कमी आकडा म्हणजे शस्त्र चपळ.

खरी गुंतागुंत जादूगारावर वार करताना येते. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राला 3 सेगमेंट लागतात आणि मध्येच वार लागला तर मंत्र वाया जातो, म्हणून आधी कोण हे ठरवावंच लागतं. तलवारवाला इनिशिएटिव्ह हरला असेल तर त्याचं हरलेलं दान स्पीड फॅक्टरमधून वजा करायचं आणि उत्तर मंत्राच्या वेळेशी ताडून बघायचं. लाँगस्वोर्ड आणि दान 1, तर उत्तर 4, म्हणजे फायरबॉल आधी. दान 2 असेल तर दोन्ही एकदम. दान 3 असेल तर वार आधी. आता खंजीर घ्या, दान 5 पडलं तर 2 वजा 5, उत्तर उणे येतं पण नियम म्हणतो ते अधिक धरा, म्हणजे 3, आणि खंजीर फायरबॉलच्या बरोबरीला येतो, उलट दान 1 असतं तर तो आधी लागला असता. चांगलं दान पडून तोटा होतो, ही नियमातली खरी चूक आहे असं माझं मत. तरी त्यामागचा विचार मला मनापासून आवडतो, कारण कुठलं शस्त्र हातात आहे याला अशाने खरंच किंमत येते.

हँडबुकात शस्त्र आणि चिलखताचं आणखी एक कोष्टक आहे. आर्मर क्लास म्हणजे संरक्षणाचा आकडा, तो जितका कमी तितकं संरक्षण जास्त, म्हणजे उघडं अंग 10 आणि प्लेट चिलखत अधिक ढाल 2. वार लागतो की नाही यासाठी वीस बाजूंच्या फाशाचं जे दान पडतं त्यात खंजिराला आर्मर क्लास 2 वर उणे 3 आणि 10 वर अधिक 3. हे प्रत्येक वाराला बघायचं, वर ते चिलखत घातलेल्या शत्रूसाठी, राक्षसाच्या जाड कातडीला कसं लावायचं यावर टेबलावर वाद ठरलेला. खूप जणांनी हे कोष्टक सरळ सोडून दिलं. नुसत्या हातांच्या कुस्तीला तर टक्केवारीच्या फाशांवर चालणारी संपूर्ण वेगळी पद्धत होती, ती इतकी जड की 1985 च्या अनअर्थ्ड आर्काना पुस्तकात दुसरी पद्धत छापावी लागली.

माझ्या मते नियमांच्या संख्येपेक्षा मांडणीने जास्त त्रास दिला. शस्त्रांचे आकडे हँडबुकात, वार लागतो की नाही याची कोष्टकं मास्टर्स गाइडमध्ये, त्यामुळे खेळाडूला काय दान हवं ते डीएमला (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मंत्र-तलवारीचा हिशोब लांबलचक गद्यात दडलेला.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने त्या कोष्टकांच्या जागी थॅको आणला, म्हणजे आर्मर क्लास 0 ला लागायला हवं ते दान, त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा की झालं. पहिल्या पातळीच्या लढवय्याचा थॅको 20. जुन्या कोष्टकात मात्र 0 पासून उणे 5 पर्यंत सहाही घरांत 20 च छापलेलं होतं, ते वजाबाकीत बसत नव्हतं म्हणून गेलं. पुढे 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लासच उलटा झाला, जास्त आकडा म्हणजे जास्त संरक्षण, आणि वजाबाकी संपली.