क्राबी टाउन की आओ नांग? मुक्काम ठरवण्याआधी

'आम्ही क्राबीला चाललोय' असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: थायलंडमधल्या क्राबीत नेमकं कुठे उतरणार? समोरचा हॉटेलचं नाव सांगतो, मोबाइलवर स्विमिंग पूलचा फोटो दाखवतो. पण ते हॉटेल क्राबी टाउनमध्ये आहे की आओ नांगला, हे बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसतं. जळगाव-भुसावळहून जाणाऱ्यांच्या पॅकेजवर तर नुसतं 'क्राबी, ३ रात्री' एवढंच लिहिलेलं असतं. या दोन ठिकाणांमध्ये साधारण वीस किलोमीटरचं अंतर आहे. आओ नांगला समुद्र आहे, टाउनला नाही.

गोंधळ होणं साहजिक आहे. क्राबी हा दक्षिण थायलंडमधला अंदमान समुद्राकाठचा अख्खा प्रांत. विमानतळाचं नाव तेच, मुख्य गावाचंही तेच. त्यात आओ नांगही मुआंग क्राबी याच तालुक्यात मोडतं, म्हणून दोन्हीकडच्या हॉटेलांच्या पत्त्यात 'मुआंग क्राबी' येतंच. पत्त्यात त्याच्या आधी काय लिहिलंय ते बघा. 'पाक नाम' असेल तर हॉटेल गावात, 'आओ नांग' असेल तर किनाऱ्याकडे. अजिंठ्याची लेणी बघायला जळगावात उतरावं की फर्दापूरला, तसाच हा प्रश्न आहे. जळगावात स्टेशन, बाजार, जेवण सगळं मिळतं, पण लेणी साठेक किलोमीटर लांब.

क्राबी टाउन नदीकाठी वसलंय. काठाला खारफुटी, पलीकडे खाओ खानाप नाम नावाचे चुनखडीचे दोन उभे सुळके, आणि नदीकाठच्या रस्त्यावर काळ्या खेकड्यांचा मोठा पुतळा. पाणी गढूळ, पोहण्याजोगं नाही. गाव मात्र खरं गाव आहे. शाळा, बँका, भाजीबाजार, पांढरंशुभ्र वाट काएव बुद्धमंदिर. एका चौकात सिग्नलचे दिवे आदिमानवांच्या पुतळ्यांनी हातात धरलेत. मुलं तिथून हलत नाहीत. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी एक रस्ता गाड्यांना बंद होतो आणि तिथे खाण्याचा बाजार भरतो. बाराशेहून जास्त पायऱ्यांचं वाट थाम सुआ, म्हणजे वाघाच्या गुहेचं मंदिर, इथून जवळ पडतं. खोल्या किनाऱ्यापेक्षा बऱ्याच स्वस्त.

आओ नांग म्हणजे समुद्राला लागून जाणारा रस्ता आणि त्यावर हॉटेलं, मसाजची दुकानं, टूरचे काउंटर. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याचा स्वतःचा किनारा मध्यम आहे. वाळूवर बोटींची गर्दी असते. त्याला लागूनच असलेला नोप्पारात थारा हा लांब, शांत, सुरूच्या झाडांचा किनारा मला जास्त आवडतो. सुट्टीच्या दिवशी थाई कुटुंबं तिथे चटया टाकून जेवायला बसतात. तरीही आओ नांगची खरी किंमत आहे ती तिथून सुटणाऱ्या बोटींमुळे. पोडा, चिकन आयलंड, हाँग ही बेटं आणि होडीनेच गाठता येणारा रायलेचा किनारा, सगळं इथून जवळ. टाउनमध्ये राहून याच टूर घेतल्या, तर आधी अर्धा-पाऊण तास गाडीने इकडेच यावं लागतं आणि दिवसभर उन्हात भिजून-वाळून झाल्यावर तेवढंच परत जावं लागतं.

आता बोटीबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडच्या घरांतून निघताना सोबत आजी-आजोबा असतात. लाँगटेल ही निमुळती लाकडी होडी. मागे गाडीचं जुनं इंजिन, त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. नाकाला रंगीत फिती बांधलेल्या. आओ नांगच्या काउंटरवर रायलेचं तिकीट काढायचं, आठेक माणसं जमली की होडी सुटते आणि पंधरा मिनिटांत रायले वेस्टला पोचते. रायले बेट नाही, पण मागचे कडे इतके उभे आहेत की तिथे गाडीरस्ताच नाही. होडीत चढताना गुडघाभर, कधी मांडीभर पाण्यातून जायचं, हलत्या शिडीवर पाय ठेवायचा आणि काठ धरून आत झोकून द्यायचं. साडी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला हे फार जड जातं. टाउनच्या धक्क्यावरूनही रायलेला होडी मिळते. वेळ जास्त लागतो, पण ती रायले ईस्टला जाते आणि तिथे उतरायला धक्का आहे. रायले ईस्टला खारफुटीचा चिखल आहे, पोहता येत नाही, पण पाच-दहा मिनिटं सपाटीवरून चाललं की पलीकडचा सुंदर किनारा येतो. घरात म्हातारं माणूस असेल तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

भरती-ओहोटी आपण शाळेच्या भूगोलात वाचली तेवढीच. तिकडे पाणी दोन मीटरहून जास्त वर-खाली होतं. सकाळी हॉटेलसमोर लाटा असतात, आणि काही तासांनी बघावं तर होड्या ओल्या वाळूत कलंडलेल्या, पाणी कुठल्या कुठे. घरच्या कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावस्या बघून ठेवा. त्यांच्या आसपास उधाण असतं, म्हणून ओहोटीही सगळ्यांत खोल जाते. थाले वेक नावाची, बेटांना जोडणारी वाळूची वाट त्या दिवसांत सगळ्यांत छान उघडी पडते. टूर ठरवताना त्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे, हे काउंटरवर आवर्जून विचारा.

महिना कोणता, यावरही मुक्काम बदलतो. कापूस विकून मोकळं झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत जाणारे भाग्यवान. समुद्र शांत, आभाळ निरभ्र. त्यांनी डोळे मिटून आओ नांग घ्यावं. पण मुलांच्या शाळांमुळे बरेच जण आखाजीनंतर, मे महिन्यात निघतात. तेव्हा तिकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि पावसाळा ऑक्टोबरपर्यंत चालतो. आओ नांगचा किनारा नेमका त्या वाऱ्याच्या तोंडावर. लाल झेंडा लागला की पाण्यात उतरायचं नाही, मग मुलं कितीही रडोत. समुद्र खवळला की रायलेच्या होड्या आओ नाम माओच्या धक्क्यावरून सुटतात आणि बेटांच्या टूर रद्द होऊ शकतात. फी फी बेटांवरची माया बे तर दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंदच असते. अशा दिवसांत टाउन उजवं ठरतं. मंदिर, बाजार, ख्लोंग थोमचे गरम पाण्याचे धबधबे, हे सगळं जमिनीवरचं आहे, बोटीवाचून अडत नाही.

जेवणाचं म्हणाल तर आओ नांगला भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, वरण-पोळी मिळते, दर मात्र चढे. टाउनमध्ये ती सोय कमी, पण बाजारातली फळं, नारळाच्या दुधातला आंबा-भात, समोर भाजलेलं मक्याचं कणीस यावर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, आणि ऑयस्टर सॉस भाजीतही पडतो. थायलंडच्या गावांत पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं असतात, तिथलं अन्न पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन कुटुंबांना हा मोठाच आधार. त्या पाटीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या, पहिल्या रात्री कामी येते.

माझं मत स्पष्ट आहे. खानदेशातून एवढा प्रवास करून माणूस जातो तो समुद्रासाठी. सकाळी चहाआधी पायाला पाणी लागलं पाहिजे आणि संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना दिसला पाहिजे. टाउनमध्ये यातलं काहीच मिळत नाही. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये आओ नांग, त्यातही नोप्पारात थाराच्या बाजूची खोली. बाजार बघायला टाउनला जायचं तर दोन्ही बाजूंना बाकं असलेल्या पांढऱ्या सोंगथेव गाड्या दिवसभर ये-जा करतात, भाडंही थोडकं.

पुढे को लांटा बेटावर जायचं असेल तर मात्र शेवटची रात्र टाउनला काढा. फेरीचा ख्लोंग चिलाट धक्का तिथून अगदी जवळ आहे. पहाटेचं विमान असेल तरी हाच हिशेब, कारण टाउनहून विमानतळ पंधराएक किलोमीटर, आओ नांगहून जवळजवळ दुप्पट. आणि ती रात्र शुक्रवार ते रविवारमध्ये बसवता आली तर बसवा, म्हणजे संध्याकाळचा बाजारही पदरात पडेल.