ऋण घातांकांची समीकरणे

ज्या बैजिक समीकरणात चलाचा किंवा चल असलेल्या पदावलीचा घातांक ऋण असतो, ते समीकरण. बालभारतीच्या, म्हणजे पुण्यातून निघणाऱ्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत सांगायचे तर घातांकातले उणे चिन्ह पायाचा ‘गुणाकार व्यस्त’ घ्यायला सांगते. संख्या ऋण करत नाही. २⁻³ म्हणजे १/८, उणे ८ नव्हे. ही लेखनपद्धती न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात दिसते.

व्यस्तांची बेरीज मात्र फार जुनी. चार झरे एक तळे अनुक्रमे १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात, तर चारही एकदम सोडल्यावर किती वेळ लागेल, असे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विचारले आहे. उत्तर, १/१२ दिवस. पुण्यात हेच गणित सोसायटीच्या टाकीवर घालता येते. पालिकेचा नळ आणि बोअर मिळून टाकी ६ तासांत भरतात. एकट्या बोअरला नळापेक्षा ५ तास जास्त लागतात. नळाला क्ष तास लागत असतील, तर

क्ष⁻¹ + (क्ष + ५)⁻¹ = ६⁻¹

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी पायांची बेरीज करून (२क्ष + ५)⁻¹ = ६⁻¹ लिहिणे. त्यातून क्ष = १/२ येतो : दोघांना मिळून ६ तास लागणारी टाकी एकटा नळ अर्ध्या तासात भरतो! दोन्ही बाजूंना ६क्ष(क्ष + ५) ने गुणून छेद घालवले, की क्ष² − ७क्ष − ३० = ० मिळते; क्ष = १० किंवा −३. उणे ३ समीकरणात चपखल बसतो, पण वेळ ऋण नसतो. म्हणून नळाला १० तास, बोअरला १५.

क्ष⁻² − ५क्ष⁻¹ + ६ = ० सारख्या समीकरणात क्ष⁻¹ = म मानणे सोयीचे. म = २ किंवा ३, म्हणून क्ष = १/२ किंवा १/३. पुष्कळ जण म पाशीच थांबतात आणि हातचे गुण घालवतात.

छेद घालवल्यावर पडताळा टाळू नये. ३(क्ष² − ३क्ष)⁻¹ = (क्ष − ३)⁻¹ या समीकरणाला क्ष(क्ष − ३) ने गुणले, की क्ष = ३ असे उत्तर समोर येते. पण क्ष = ३ ठेवताच दोन्हीकडचे पाये शून्य होतात, आणि शून्याला व्यस्त नसतो. या समीकरणाला उकलच नाही.