कवडशाच्या चालीपासून ध्रुवाच्या सरकण्यापर्यंत

खिडकीच्या झडपेला पडलेल्या बारीक भोकातून उन्हाची तिरीप खोलीत शिरते आणि समोरच्या भिंतीवर कवडसा उमटतो. भोक तिकोनी असो वा वेडेवाकडे, भिंत पुरेशी दूर असेल तर कवडसा गोल किंवा लंबगोलच दिसतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्यबिंबाची प्रतिमा असते. भोकापासून भिंत ४ मीटर अंतरावर असेल, तर या प्रतिमेचा व्यास साधारण पावणेचार सेंटीमीटर भरतो. पेन्सिलीने तिची कड आखून घड्याळ लावून बसले, तर जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटांत कवडसा आखलेल्या वर्तुळातून संपूर्ण बाहेर पडलेला दिसतो. पृथ्वीचे परिवलन डोळ्यांनी पाहण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. आपण मात्र सवयीने म्हणतो की ‘ऊन सरकले’.

ही गती लहान नाही. विषुववृत्तावरील माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरत असतो, आणि संपूर्ण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर या वेगाने धावत असते. हा वेग जाणवत नाही, कारण आपण, हवा, समुद्र आणि जमीन असे सारेच एकत्र आणि जवळपास एकसारख्या गतीने जात असतो; शरीराला कळतो तो वेग नव्हे, तर वेगातील बदल. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने हे समजावण्यासाठी नावेचा दृष्टांत दिला होता: पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याने दिलेल्या आकड्यांवरून ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीच्या एका फेरीचा काळ काढला, तर तो २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद इतका येतो आणि आजच्या मापनाशी आश्चर्यकारकपणे जुळतो. पुढे १८५१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूको याने पॅरिसच्या पँथिऑन या वास्तूत ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून आंदोलनाची दिशा तासागणिक वळताना दाखवली, तेव्हा आकाशाकडे न पाहताही परिवलनाचा पुरावा देता येऊ लागला.

परिभ्रमणाबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते आणि हिवाळ्यात दूर जाते, असे अनेक सुशिक्षित लोकही मानतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. ऋतू घडवतो तो पृथ्वीचा २३.४ अंशांनी कललेला अक्ष. वर्षभर तो अवकाशात जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो तर कधी दक्षिण गोलार्ध.

परंतु ‘जवळजवळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. भोवरा मंदावताना त्याचा दांडा जसा गोल गोल डोलतो, तसा पृथ्वीचा अक्षही डोलतो आणि त्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ आणि २४.५ अंशांच्या दरम्यान कमीजास्त होतो. कक्षेचा लंबगोलपणाही सुमारे १ लाख आणि ४ लाख वर्षांच्या चक्रांत बदलत राहतो. या तिन्ही गतींचा एकत्रित हिशेब सर्बियाचे अभियंते आणि गणितज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाताने केला. पहिल्या महायुद्धात त्यांना बुडापेस्टमध्ये स्थानबद्ध राहावे लागले होते, आणि त्या काळातही ही आकडेमोड तिथल्या एका ग्रंथालयात बसून चालू होती. त्यांचे म्हणणे असे होते की उत्तरेकडील उंच अक्षांशांवर उन्हाळ्यात मिळणारे ऊन कमी झाले, तर हिवाळ्यात साचलेले बर्फ वितळत नाही, ते वर्षानुवर्षे साठत जाते आणि हिमयुग सुरू होते. मिलांकोविच यांच्या हयातीत या विचाराला मोजकाच पाठिंबा मिळाला. मात्र १९७६ मध्ये समुद्रतळातील गाळाच्या अभ्यासातून हीच चक्रे प्राचीन हवामानाच्या नोंदीत उमटलेली आढळली.

‘हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, मग आताच एवढी चिंता कशाला?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, जमिनीवर इतके बर्फ साठले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा बदल होतात हे खरेच. पण पृथ्वीच्या गतीचे गणित आपल्याला माहीत असल्यामुळेच या प्रश्नाचे उत्तर देता येते. ही चक्रे हजारो वर्षांत परिणाम दाखवतात, दशकांत नव्हे. शिवाय उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात मिळणारे ऊन सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शिगेला पोहोचून तेव्हापासून घटत आले आहे, म्हणजे केवळ या चक्रांवर सोपवले असते तर आज पृथ्वी अतिशय सावकाश थंड होत जायला हवी होती. ती तापते आहे. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून दिसते की गेल्या ८ लाख वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिले होते. औद्योगिक युगाच्या आधी ते सुमारे २८० होते आणि आता ४२०च्या पुढे गेले आहे. ही वाढ मुख्यतः कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्यामुळे झाली आहे.

आतापर्यंत गती हे कारण होते आणि हवामान हा परिणाम. गेल्या काही दशकांत उलट दिशेचा धागाही मोजता येऊ लागला आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे.

चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचे घर्षण पृथ्वीच्या परिवलनाला सतत किंचित आवर घालत असते, आणि त्याची भरपाई म्हणून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने दूर जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवल्या गेलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून हे अंतर मोजले जाते. प्राचीन ग्रहणांच्या नोंदी तपासल्या तर दिवसाची लांबी शतकामागे पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास वाढत आल्याचे दिसते. याशिवाय पृथ्वीच्या गाभ्यातील हालचालींमुळे तिचा वेग दशकानुदशके थोडा कमीअधिक होतो. अणुघड्याळे पृथ्वीसाठी थांबत नाहीत, म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जगाच्या प्रमाणवेळेत २७ लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, मिळवावे लागले.

आता यात एक नवा घटक आला आहे. गिरकी घेणाऱ्या नर्तिकेने पसरलेले हात छातीशी घेतले की गिरकी वेगवान होते आणि हात पसरले की मंदावते. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरचे बर्फ म्हणजे अक्षाजवळ आवळून धरलेले हात समजावेत. ते वितळले की पाणी महासागरांत पसरते, वस्तुमान अक्षापासून दूर विषुववृत्ताच्या बाजूला जाते आणि पृथ्वीची गिरकी मंदावते. हे वस्तुमान किती, हेही ठाऊक आहे. २००२ पासून एकामागे एक फिरणाऱ्या उपग्रहांच्या जोड्या आपापसातील सुमारे २२० किलोमीटरचे अंतर केसाच्या जाडीहून सूक्ष्म फरकापर्यंत मोजत आल्या आहेत, आणि त्या अंतरातील चढउतारांवरून खालच्या वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण कळते. त्यानुसार ग्रीनलँड वर्षाला सुमारे २७० अब्ज टन, तर अंटार्क्टिका सुमारे १५० अब्ज टन बर्फ गमावत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० सालापासून केवळ हवामानबदलामुळे दिवस शतकामागे १.३३ मिलिसेकंद या दराने लांबत आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ६ हजार अब्ज अब्ज टन वजनाच्या गोलाची गिरकी आपल्या धुरामुळे मोजण्याइतकी बदलावी, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

भूजलाची कथाही अशीच आहे. पृथ्वीवरील वस्तुमानाची जागा बदलली की गिरकीचा वेगच नव्हे, तर अक्ष जमिनीला जिथे छेदतो ते ठिकाण, म्हणजे ध्रुवही, किंचित सरकतो. १९९३ ते २०१० या काळात माणसाने जमिनीतून सुमारे २,१५० अब्ज टन पाणी उपसले आणि त्यातील बहुतांश शेवटी समुद्राला मिळाले, असा अंदाज आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा उपसा गणितात धरल्यावरच ध्रुवाच्या सरकण्याचे हिशेब प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळले. त्या १७ वर्षांत उपशाच्या वाट्याला ध्रुवाचे सुमारे ८० सेंटीमीटर सरकणे आले. उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि भारताचा वायव्य भाग येथील उपसा यात विशेष प्रभावी ठरला. यामुळे ऋतूंवर परिणाम होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ध्रुव एरवीही वर्षभरात काही मीटरच्या घेरात भटकतच असतो. पण ज्या जमिनीखालचे पाणी गेले, तिथल्या विहिरींवर परिणाम होतोच.

ध्रुव भटकतो हे कळले ते एकट्यादुकट्या वेधशाळेच्या कामातून नव्हे. १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय अक्षांश सेवा सुरू झाली, तेव्हा उत्तर गोलार्धात ३९ अंश ८ मिनिटे या एकाच अक्षांशावर सहा ठिकाणे निवडण्यात आली: जपानमधील मिझुसावा, इटलीतील कार्लोफोर्ते, मध्य आशियातील चार्जोई आणि अमेरिकेतील गेथर्सबर्ग, सिनसिनाटी व युकाया. अक्षांश एकच असल्यामुळे सर्वांच्या माथ्यावरून तेच तारे जात, आणि साऱ्या निरीक्षकांनी रात्रीमागून रात्री त्याच ताऱ्यांची उंची मोजायची, असे ठरले होते. पुढे दोन महायुद्धे झाली, काही ठिकाणे बंद पडली, देशांच्या सीमा बदलल्या, तरी नोंदींची साखळी तुटली नाही. आज दूरच्या क्वेसारांकडून, म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांकडून, येणाऱ्या रेडिओलहरी आणि उपग्रह हे काम करतात. पण विसाव्या शतकात ध्रुव वर्षाला सरासरी १० सेंटीमीटर सरकला, आणि त्यामागे ग्रीनलँडच्या बर्फाचाही हात होता, हे सांगण्यासाठी संशोधकांना त्या जुन्या वह्यांकडेच वळावे लागते.

मोजणीतून एकमत आणि एकमतातून कृती असा प्रवास ओझोनच्या बाबतीत घडलाही. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत विलक्षण विरळ होतो, हे १९८५ मध्ये जमिनीवरील निरीक्षणांच्या आधारे जाहीर झाले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, पुढे जगातील सर्व देश त्यात सामील झाले आणि ओझोनला घातक रसायनांचे उत्पादन जवळजवळ थांबले. २०४०च्या सुमारास बहुतांश जगावरील आणि २०६६च्या सुमारास अंटार्क्टिकावरील थर १९८०च्या पातळीला येईल, असा अंदाज आहे. कार्बन डायऑक्साइडचे प्रकरण मात्र याहून कठीण आहे, कारण इथे एखाद्या उद्योगाचा नव्हे, तर साऱ्या ऊर्जाव्यवस्थेचा प्रश्न आहे, आणि २०१५च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवायचे आहे.

अशा मोजणीत सामान्य माणसाला शिरकाव नाही, असे समजण्याचे कारण नाही. ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ या उपक्रमात २००६ पासून जगभरचे लोक चांदणे नसलेल्या रात्री मृगासारखे एखादे नक्षत्र पाहतात, डोळे अंधाराला सरावल्यावर त्यातील किती फिके तारे दिसतात हे दिलेल्या नकाशांशी पडताळतात आणि नोंद पाठवतात. साधन म्हणून नुसते डोळे पुरतात. २०११ ते २०२२ या काळातील अशा ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून २०२३ मध्ये असा निष्कर्ष निघाला की रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चालले आहे. उपग्रहांना ही वाढ इतकी दिसली नव्हती, कारण त्यांच्या संवेदकांना नव्या एलईडी दिव्यांचा निळसर प्रकाश नीट टिपता येत नाही. हा दर कायम राहिला, तर जिथे आज जन्मलेल्या मुलाला २५० तारे दिसू शकतात, तिथे ते मूल १८ वर्षांचे होईपर्यंत १००च उरतील. आर्यभटाच्या नावेचा काठ म्हणजे हेच तारे. मात्र कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो, तसा हा प्रकाश साचून राहत नाही; दिव्याला वरून टोपण घातले किंवा तो विझवला की त्याच रात्री आकाश तेवढे काळे होते.