शांत केली, बरं वाटलं. म्हणजे दोष होताच?

त्र्यंबकेश्वरला पत्रिकेतल्या कालसर्प दोषाची शांत (निवारणाचा विधी) करून नाशिकरोडला गाडी पकडणारे हमखास सांगतात, "गुरुजींनी मागचं सगळं तंतोतंत सांगितलं, शिवाय शांत केल्यापासून झोप लागतेय. दोष होताच!"

झोपेचं खरं असू शकतं. कुशावर्त कुंडात स्नान, विधीचा ठरलेला क्रम, सोबत घरची माणसं. हातांना काम मिळालं की धास्ती ओसरते. पण त्यानं पत्रिकेतला दोष सिद्ध होत नाही. (सगळे ग्रह ज्यांच्या मध्ये आले की हा दोष सांगतात, ते राहू-केतू तर ग्रहच नव्हेत; चंद्राची वाट क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, छेदते, ते दोन बिंदू.)

आणि 'मागचं'? १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन 'खास तुमचं' म्हणून दिलं. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले! "पैसा येतो, पण टिकत नाही" हे कुणाला लागू पडत नाही? चुकलेली वाक्यं तर दक्षिणा देईपर्यंत विसरलेलीही असतात.