पाळणा लांबवणारी जपानी खेडी

अठराव्या शतकातल्या जपानी शेतकऱ्याच्या घरी किती पोरं होत, हे आज कळतं ते ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीमुळे. गावात कुणी लपूनछपून ख्रिस्ती नाही ना, हे तपासायला तेव्हाच्या तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) राजवटीने घरटी नोंदवह्या लिहून घेतल्या. बऱ्याच गावांत त्या दरवर्षी होत: माणसाचं नाव, वय, नातं आणि तो आपल्याकडचाच, असा बौद्ध मंदिराचा शिक्का. १९६०च्या दशकात जपानी इतिहासकार आकिरा हायामी यांनी या वह्यांतून एकेक कुटुंब जुळवायला घेतलं.

वहीत एक भोक आहे. दोन नोंदींच्या मधे जन्मून गेलेलं बाळ तिच्यात येतच नाही. ते तापाने गेलं की घरच्यांनीच जगू दिलं नाही, हे कसं ओळखायचं? मिनो प्रांतातल्या एका गावाच्या वह्या चाळताना अमेरिकन इतिहासकार थॉमस स्मिथ यांनी घरात आधीची मुलं कोण आहेत ते पाहिलं. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. थोरली भावंडं कोण, याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. इथे मात्र मुली जास्त असलेल्या घरात पुढची नोंद बहुधा मुलाची, आणि मुलगे जास्त असतील तिथे मुलीची. ताप काही भावंडं मोजून येत नाही. बरं, हे फक्त गरिबांनी केलं असंही नाही. जमीनदारांच्या घरीही तेच. आपल्याकडे पहिल्या मुलीनंतरच्या जन्मांवरून गर्भलिंगनिदानाचा माग काढतात तो याच हिशेबाने, फक्त आपल्याकडे तराजू एकाच बाजूला झुकतो.

सगळंच असं क्रूर नव्हतं. आया मुलांना बरीच वर्षं अंगावर पाजत, त्यामुळे पुढचा गर्भ उशिरा राही. शिवाय लग्नाचं वय. हायामींनी अभ्यासलेल्या मिनोतल्याच निशिजो गावातून कुळांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांच्या, मुली नागोया, क्योतो, ओसाकाला चाकरीला जात. परतून लग्न करीपर्यंत पंचविशी उलटे, म्हणजे गावातच राहिलेलीपेक्षा चार-पाच वर्षं उशीर. बाळंतपणाची ऐन वर्षं शहरातल्या मालकाच्या घरी जात. शहरं दाटीची, रोगट. कित्येकजणी परतल्याच नाहीत.

१७२१ साली जपानच्या मोजणीत सुमारे २.६ कोटी रयत होती. १८४६ साली २.७ कोटीच्या आतच. यात दुष्काळांचाही वाटा मोठा. निशिजोत मात्र फरक घराघरांत दिसतो. कुळांना मुलं कमी, त्यामुळे त्यांचे वंश खुंटत. आणि त्या रिकाम्या जागी जमीनदारांचे धाकटे मुलगे वेगळी चूल मांडून, दुसऱ्याची जमीन कसायला येत.