एका दिव्यासाठी टाकलेली तार

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेले असते: शॉर्टसर्किट. तो शेवटचा क्षण झाला. सुरुवात कित्येकदा साठ-सत्तर वर्षांपूर्वी झालेली असते.

बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ सालची. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. चाळीतल्या खोल्यांत वीज पुष्कळ उशिरा शिरली आणि शिरली तीही एका दिव्यापुरती, फार तर एका पंख्यापुरती. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टला जेमतेम पाव अँपिअर ओढतो. तेवढ्या हिशोबाने रबरी आवरणाच्या तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून (खाचेची पट्टी आणि वर झाकण) किंवा पट्टीवर क्लिपा मारून नेल्या. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होते, तडकते. हात लावला नाही तर वर्षानुवर्षे निभावते. नवा पंखा टांगायला कोणी तार वाकवली, की आवरणाचा भुगा हातात येतो.

मग ती बदलली का नाही? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. त्या भाड्यात मालक वायरिंग बदलेल, ही अपेक्षाच भाबडी होती. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन इमारती दुरुस्त करणारे मंडळ आले, पण त्याचा भर खांब, तुळया, जिने यांवर. मीटरपासून खोलीपर्यंतची तार राहिली कोणाचीच नाही. भाडेकरूने खोलीत नवी तार घातली, तरी जिन्यातली जुनीच.

साठच्या दशकात परकीय चलनाची चणचण होती आणि तांबे आयात करावे लागे, म्हणून ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, स्क्रूखाली धातू हळूहळू दबून जोड सैल पडतो आणि तो तापू लागतो. तांब्याला नुसता पीळ मारून जोडले, तर आणखी वाईट.

त्याच तारांवर पुढे फ्रिज, इस्त्री, गीझर, एसी आले. २ किलोवॅटचा गीझर एकटा जवळपास ९ अँपिअर घेतो. चिनी मातीचा किटकॅट फ्यूज अशा वेळी उडायलाच हवा. तो उडायचाही, मग घरातलेच कोणी तांब्याची जाड तार घालून त्याला कायमचा शहाणा करी. फ्यूज उडत नाही, म्हणजे वायरिंग मजबूत, असा समज त्यातूनच रुजला.

शॉकपासून वाचवणे हे फ्यूजचे कामच नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज वितळायच्या कितीतरी आधी, पन्नास-शंभर मिलिअँपिअरमध्ये माणूस जाऊ शकतो. दोन पिनांच्या जुन्या प्लगांना अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, नसेच. कुठे कुठे तार नळाच्या पाइपाला बांधून भागवत. पाइप प्लास्टिकचा झाला, तेव्हा ते अर्थिंगही गेले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरण मिळते. जुन्या खोलीत मात्र ते बसवताक्षणी वीज तोडते: ओल आलेल्या तारांतून गळती चालू असते, न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, शेजारच्या खोलीशी सामाईक असते. दोन दिवस पुन्हापुन्हा अंधार झाला, की घरचे वायरमनला बोलावतात आणि ते काढायला लावतात.